न भरलेल्या कराचा हिशेब

२८ सप्टेंबर २०२४ रोजी संपलेल्या वर्षात ॲपलची विक्री ३८३ अब्ज डॉलरवरून ३९१ अब्जांवर गेली. करपूर्व नफाही वाढला; ११३.७ अब्जांचा १२३.५ अब्ज झाला. एवढं होऊन निव्वळ नफा मात्र घटला, ९७ अब्जांवरून ९३.७ अब्जांवर आला. नफा-तोटा पत्रकात या दोन आकड्यांच्या मधे एकच ओळ असते, प्राप्तिकरासाठी केलेल्या तरतुदीची. आदल्या वर्षी त्या ओळीत १६.७ अब्ज डॉलर होते, या वर्षी २९.७ अब्ज. अमेरिकेतला कंपनी कराचा दर होता तोच होता, २१ टक्के.

झालं असं की १० सप्टेंबरला, वर्ष संपायला अठरा दिवस उरले असताना, लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने एक निकाल दिला. तो होता २००३ ते २०१४ या काळात आयर्लंडमध्ये नोंदवलेल्या नफ्याबद्दल. दहा-वीस वर्षांपूर्वीच्या नफ्यावरचा कर २०२४ च्या हिशेबात येऊन पडला. मधली सगळी वर्षं तो कुठे होता, हा प्रश्न विचारला की बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशेबातलं सगळ्यात कमी वाचलं जाणारं पान उघडावं लागतं. ते वार्षिक अहवालाच्या शेवटी, बारीक टाइपातल्या टिपांमध्ये असतं.

पगारदार माणसाला कर म्हणजे कापून गेलेली रक्कम. मोठ्या कंपनीच्या वहीत कर म्हणजे पुष्कळसं कंपनीचं मत असतं: हा नफा कोणत्या वर्षाचा, कोणत्या देशाचा, आणि त्या पैशाचं पुढे काय करायचा तिचा मनसुबा आहे. लेखापरीक्षक ते मत तपासतो आणि सरकार बहुतेक वेळा ते मान्य करत नाही. अशा वादाचा निकाल लागेपर्यंत त्या काळातले संचालकही निवृत्त झालेले असतात.

ॲपलच्या २०२४ च्या अहवालात कराचे निदान तीन आकडे सापडतात. करपूर्व नफ्याचे सरळ २१ टक्के काढले तर २५.९ अब्ज. पत्रकात दाखवलेली तरतूद २९.७ अब्ज. रोकड प्रवाहाच्या पत्रकाखाली प्रत्यक्ष भरलेल्या कराची नोंद असते, ती २६.१ अब्ज. कंपनी कर किती भरते यावर टीव्हीवर वाद घालणारे यातला आपल्या सोयीचा आकडा उचलतात. तिन्ही आकडे खरे आहेत आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे.

पहिल्या दोन आकड्यांना जोडणारा तक्ता टिपेत असतो. मला विचाराल तर अख्ख्या अहवालात वाचण्यासारखं ते एक पान आहे. २५.९ अब्जांपासून सुरुवात. अमेरिकेतल्या राज्यांचा कर म्हणून १.२ अब्ज वाढले. परदेशी उपकंपन्यांचा नफा कमी दराच्या देशांत असल्यामुळे ५.३ अब्ज वाचले. संशोधनाच्या सवलतीचे १.४ अब्ज गेले. कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरची किंमत वाढल्याने आणखी ०.९ अब्जाची सूट मिळाली. आणि एका ओळीत, 'राज्य साहाय्य निर्णयाचा परिणाम' या शीर्षकाखाली, १०.२ अब्ज वाढले. ही ओळ काढून टाकली तर कराचा दर १५.८ टक्क्यांवर येतो. ती धरली तर २४.१.

या ओळीकडे वळण्याआधी वर्षाचा घोळ समजून घ्यायला हवा.

प्रत्येक कंपनीच्या दोन वह्या असतात आणि त्यात काळंबेरं काही नाही. एक भागधारकांसाठी, हिशेबाच्या मानकांप्रमाणे. दुसरी करखात्यासाठी, कायद्याप्रमाणे. समजा कंपनीने १०० कोटींचं यंत्र घेतलं. तिच्या अंदाजाने ते दहा वर्षं चालेल, म्हणून पहिल्या वर्षी घसारा १० कोटी. करकायद्याला मात्र गुंतवणूक वाढवायची आहे, म्हणून तो पहिल्याच वर्षी ३५ कोटींची वजावट देतो. करखात्याच्या वहीत नफा २५ कोटींनी कमी दिसतो आणि २५ टक्के दराने सव्वासहा कोटींचा कर आज वाचतो. पण पुढे कधीतरी ही वजावट संपेल आणि तेवढाच कर जास्त भरावा लागेल. म्हणून भागधारकांच्या वहीत ते सव्वासहा कोटी खर्चात धरायचे आणि देणं म्हणून दाखवायचे. आपले सीए याला सरळ 'डेफर्ड टॅक्स' म्हणतात. अमेरिकी मानकं, आंतरराष्ट्रीय मानकं आणि आपलं 'इंड एएस १२', तिन्हीकडे मूळ कल्पना हीच आहे.

उलटंही होतं. अमेरिकेने २०१७ च्या कायद्यात ठरवलं की २०२२ पासून संशोधनाचा खर्च एका दमात वजा करता येणार नाही. देशातला पाच वर्षांत आणि परदेशातला पंधरा वर्षांत पसरावा लागेल. (देशातल्या खर्चापुरती ही अट २०२५ मध्ये काढून टाकली.) ॲपल आपल्या वहीत हा खर्च लगेच टाकते. म्हणजे कर आज जास्त, वजावट पुढे. ही पुढची वजावट कंपनीची मालमत्ता धरली जाते आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नुसत्या या एका कारणाने जमलेली मालमत्ता १० अब्ज डॉलरच्या वर गेली होती.

या मालमत्तेची गंमत म्हणजे तिची किंमत कराच्या दरावर ठरते. दर उतरला की तीही उतरते. २० सप्टेंबर २०१९ रोजी जीएसटी परिषदेसाठी पणजीत आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणत असल्याचं जाहीर केलं. सेन्सेक्स त्या दिवशी १,९२१ अंकांनी उसळला. पुढच्या महिन्यात मुंबईतल्या दोन बड्या खासगी बँकांचे तिमाही निकाल आले. बुडीत कर्जांसाठी केलेल्या तरतुदींमुळे बँकांकडे अशी 'पुढे मिळणारी वजावट' ढिगाने साठलेली असते, आणि ती जुन्या, चढ्या दराने मोजलेली होती. नव्या दराने मोजल्यावर आयसीआयसीआय बँकेला २,९२० कोटींचा एकवेळचा फटका बसला आणि तिचा नफा ६५५ कोटींवर आला. ॲक्सिस बँकेचा फटका २,१३८ कोटींचा. ती तर ११२ कोटींच्या तोट्यात गेली. कर कमी झाला म्हणून तोटा! त्याआधी दोन वर्षांपूर्वी ट्रम्प सरकारने ३५ टक्क्यांचा दर २१ वर आणला तेव्हा सिटीग्रुपने याच प्रकारे एका तिमाहीत १८.३ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला होता. रोकड एक पैशाची हलली नव्हती.

वर्षाचा घोळ निदान गणिताने सुटतो, देशाचा तसा सुटत नाही.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात ॲपल १९८० पासून आहे. तिथल्या दोन कंपन्या या प्रकरणात महत्त्वाच्या: 'ॲपल सेल्स इंटरनॅशनल' आणि 'ॲपल ऑपरेशन्स युरोप'. युरोपभर कुठेही आयफोन विकला गेला तरी कागदावर तो कॉर्कची कंपनी विकायची. नफा तिच्याकडे यायचा आणि तिथून तिच्याच 'मुख्य कार्यालया'कडे वळवला जायचा. युरोपीय आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे या मुख्य कार्यालयाला देश नव्हता, जागा नव्हती आणि कर्मचारीही नव्हते. २०११ साली 'ॲपल सेल्स इंटरनॅशनल'चा नफा सुमारे १६ अब्ज युरो होता; त्यातले जेमतेम ५ कोटी युरो आयर्लंडमध्ये करपात्र धरले गेले. ही वाटणी आयर्लंडच्या करखात्याने १९९१ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये लेखी मान्य केली होती. २०१४ पर्यंत परिणामी दर इतका खाली आला की दहा लाख युरो नफ्यावर ५० युरो कर.

हे एकदम उघडकीला आलं नाही. २१ मे २०१३ रोजी अमेरिकी सेनेटच्या चौकशी उपसमितीपुढे ॲपलचे प्रमुख टिम कुक बसले होते. अध्यक्ष कार्ल लेव्हिन. समितीच्या अहवालात तिसऱ्या एका आयरिश कंपनीचं वर्णन होतं, 'ॲपल ऑपरेशन्स इंटरनॅशनल'. २००९ ते २०१२ मध्ये तिने ३० अब्ज डॉलर नफा नोंदवला होता आणि कोणत्याही देशाला ती करासाठी आपली रहिवासी आहे असं वाटत नव्हतं. आयर्लंडचा नियम त्या वेळी असा होता की कारभार जिथून चालतो तिथे रहिवास. अमेरिकेचा नियम असा की नोंदणी जिथे तिथे रहिवास. कंपनी नोंदवलेली आयर्लंडमध्ये, कारभार चाले कॅलिफोर्नियातून. दोन्ही नियमांच्या फटीत ती बरोबर बसली. कुक यांचं म्हणणं, आम्ही देय असलेला प्रत्येक डॉलर भरतो. ते खोटं नव्हतं. देय किती हेच तर ठरत नव्हतं. रिपब्लिकन सेनेटर रँड पॉल यांनी त्याच सुनावणीत, समितीनेच ॲपलची माफी मागावी असं सुचवलं.

आता मनसुब्याची गोष्ट.

२०१७ पर्यंत अमेरिका आपल्या कंपन्यांच्या जगभरच्या नफ्यावर कर लावत असे, ३५ टक्के. पण परदेशी उपकंपनीच्या बहुतेक नफ्यावरचा कर, तो नफा लाभांश म्हणून घरी येईपर्यंत, थांबे. कर पुढे ढकलला जात होता म्हणजे हिशेबाच्या नियमाने त्याचं देणं दाखवायला हवं होतं. पण १९७२ पासून चालत आलेली एक पळवाट होती. हा नफा परदेशातच अनिश्चित काळासाठी गुंतवून ठेवायचा आमचा इरादा आहे, असं कंपनीने ठामपणे म्हटलं आणि तशी तिची ऐपत असली, तर देणं दाखवायची गरज नाही. इरादा बदलला की कर उगवतो. कंपनीच्या मनात काय आहे यावर अब्जावधी डॉलरची ओळ ताळेबंदात असते किंवा नसते, असा नियम हिशेबशास्त्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ॲपलच्या २०१६ च्या टिपेत हा इरादा आकड्यांत आहे: १०९.८ अब्ज डॉलरच्या परदेशी नफ्यावर अमेरिकी कराची तरतूद केलेली नाही. केली असती तर ती अंदाजे ३५.९ अब्ज झाली असती. त्या वर्षी परदेशी उपकंपन्यांच्या नावावर २१६ अब्ज डॉलर रोकड आणि रोखे होते. परदेशी म्हणजे कुठे? सेनेटच्या अहवालाप्रमाणे 'ॲपल ऑपरेशन्स इंटरनॅशनल'चा पैसा नेवाडातल्या रिनो इथली ॲपलचीच एक कंपनी सांभाळत होती, आणि तो न्यूयॉर्कच्या बँक खात्यांमध्ये होता. कराच्या कायद्यात परदेशात आणि प्रत्यक्षात मॅनहॅटनमध्ये. भागधारकांना पैसे द्यायचे तर कर भरल्याशिवाय तो उचलता येत नव्हता, म्हणून एप्रिल २०१३ मध्ये जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपनीने १७ अब्ज डॉलरचे कर्जरोखे विकले.

ॲपलच्या बाजूने एक सांगायला हवं. परदेशी नफ्याच्या मोठ्या भागावर तिने ही पळवाट वापरली नव्हती. भरायची वेळ आलेली नसतानाही त्या भागावरच्या अमेरिकी कराची तरतूद ती वर्षानुवर्षं करत होती. त्यामुळे २०१६ मध्ये तिचा जाहीर दर २५.६ टक्के दिसत होता. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने ही सगळी साठवण एकदाच घरी आली असं मानून त्यावर कर लावला: रोख मालमत्तेवर १५.५ टक्के, बाकीवर ८, आठ वर्षांच्या हप्त्यांत. ॲपलने आपला आकडा जाहीर केला, सुमारे ३८ अब्ज डॉलर. एवढी रक्कम देय झालेल्या २०१८ सालात तिचा जाहीर दर १८.३ टक्के होता, आधीपेक्षा कमी. ३५ टक्क्यांच्या हिशेबाने आधीच तरतूद करून ठेवलेल्याला १५.५ टक्के मागितले तर ते स्वस्तच पडतात.

राहिली ती १०.२ अब्जांची ओळ.

३० ऑगस्ट २०१६ रोजी युरोपीय आयोगाच्या मार्ग्रेट व्हेस्टागर यांनी जाहीर केलं की आयर्लंडने ॲपलला दिलेली सवलत हे बेकायदा राज्य साहाय्य आहे आणि आयर्लंडने १३ अब्ज युरोपर्यंतचा कर व्याजासह वसूल करावा. कुक यांनी एका आयरिश दैनिकाला मुलाखत देताना त्याला निव्वळ राजकीय घाण म्हटलं. आयर्लंडचं वागणं याहून विलक्षण. लहानसा देश, दारात १३ अब्ज युरो आलेले, आणि सरकार न्यायालयात गेलं ते हे पैसे आम्हाला नकोत म्हणून. पुढच्या गुंतवणुकीची किंमत त्यांनी १३ अब्जांहून मोठी मोजली होती.

इथे टिपेतलं मत पुन्हा येतं. अमेरिकेत २००६ साली निघालेल्या आणि २००७ पासून लागू झालेल्या नियमानुसार कराची प्रत्येक वादग्रस्त भूमिका कंपनीने स्वतःच पारखायची असते. करखात्याला सगळी कागदपत्रं दिसत आहेत असं गृहीत धरायचं आणि विचारायचं, आपली बाजू टिकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे का? नसेल तर त्या भूमिकेचा फायदा हिशेबात घ्यायचा नाही. असेल तर पन्नास टक्क्यांहून अधिक संभवाने पदरात पडेल अशी सर्वांत मोठी रक्कम घ्यायची. ॲपलने उत्तर दिलं, टिकेल. तरतूद केली नाही. २०१८ मध्ये व्याजासह १४.३ अब्ज युरो एस्क्रो खात्यात भरावे लागले; तेव्हाही तरतूद नाही. पैसे हातातून गेले होते, तरी वहीत ते ॲपलचेच होते, फक्त 'वापरावर निर्बंध असलेले'. जुलै २०२० मध्ये युरोपच्या सर्वसाधारण न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला आणि ही भूमिका योग्य ठरल्यासारखी वाटली. २०२४ च्या सप्टेंबरात वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल उलटवला. अपील संपलं होतं. आठ वर्षं शून्य असलेली रक्कम एका तिमाहीत पूर्ण खर्च म्हणून आली.

त्या १०.२ अब्जांची फोड बघितली पाहिजे. आयर्लंडला द्यायचे १५.८ अब्ज डॉलर. त्यातून ८२.३ कोटी डॉलर आधीच्या दुसऱ्या वादग्रस्त तरतुदींतून वळते झाले. आणि ४.८ अब्ज अमेरिकेने परदेशी कराची वजावट म्हणून सोडले. युरोपने अमेरिकी कंपनीला लावलेल्या दंडवजा कराचा जवळपास तिसरा हिस्सा अमेरिकी तिजोरीतून गेला. ऑगस्ट २०१६ मध्ये, व्हेस्टागर यांचा निर्णय यायच्या आधीच, ओबामा सरकारच्या अर्थखात्याने श्वेतपत्रिका काढून नेमकी हीच भीती बोलून दाखवली होती. तेव्हा ती कंपनीची वकिली वाटली होती.

असा डाव आपल्याकडे व्होडाफोन खेळली. २००७ मध्ये तिने केमन बेटांवरची एक कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि तिच्यामार्फत मुंबईच्या हचिसन-एस्सारवर ताबा मिळवला. भारताच्या करखात्याने ११ हजार कोटींहून जास्त मागितले. विकणाऱ्याचा कर व्होडाफोनने कापून घ्यायला हवा होता म्हणून. सप्टेंबर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात व्होडाफोन हरली, जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली. काही महिन्यांतच प्रणव मुखर्जींच्या अर्थसंकल्पाने पूर्वलक्षी दुरुस्ती केली. या साऱ्या काळात कंपनीच्या टिपेत दाव्याची लांबलचक हकिकत छापली जाई, पण तरतूद नसे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने तिच्या बाजूने कौल दिला आणि २०२१ मध्ये भारताने ती दुरुस्तीच मागे घेतली. ॲपलचं मत चुकलं, व्होडाफोनचं बरोबर ठरलं. दोन्ही कंपन्यांनी निकालाच्या आधी लिहिलेली टीप मात्र सारख्याच आत्मविश्वासाची होती, आणि भागधारकाला त्या दोन टिपांमधला फरक वाचून कळला असता असं मला वाटत नाही.

तिसरं कोणीतरी तपासतंच की, असं कोणी म्हणेल. ॲपलच्या २०२४ च्या हिशेबात अर्न्स्ट अँड यंग या लेखापरीक्षकांनी तपासणीतला कळीचा मुद्दा म्हणून कराच्या अनिश्चित भूमिकाच नोंदवल्या आहेत. फोन नाहीत, चीनमधले कारखाने नाहीत. वर्षअखेर अशा अनिश्चित भूमिकांची रक्कम २२ अब्ज डॉलर होती. कंपनीने ज्यांचा फायदा स्वतःच हिशेबात धरलेला नाही असे हे २२ अब्ज. कोणत्या देशाशी कोणता वाद, हे टीप सांगत नाही. सांगितलं तर त्या देशाच्या करखात्याला आयता नकाशा मिळेल.

२०२४ मध्ये ॲपलचा नफा कुठे होता? त्याच टिपेप्रमाणे १२३.५ अब्जांपैकी ७७.३ अब्ज अमेरिकेबाहेरचा, म्हणजे सुमारे ६३ टक्के. विक्री अमेरिकेबाहेर सुमारे ६४ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ॲपलवरचा नेहमीचा आरोप थोडा अडखळतो. नफा ग्राहकांच्या मागे गेलेला दिसतो. पण ग्राहक जर्मनीत, जपानात, चीनमध्ये आणि आपल्याकडे आहेत, तर बऱ्याच उपकंपन्या आयर्लंडमध्ये. आणि ज्या संशोधनामुळे फोन महाग विकला जातो ते प्रामुख्याने कॅलिफोर्नियात. २०१५ मध्ये आयर्लंडचं सकल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढलं तेव्हा त्यामागे बहुराष्ट्रीय कंपन्यांनी तिथे हलवलेली बौद्धिक संपदा होती. सांख्यिकी खात्याने गोपनीयतेमुळे नावं सांगितली नाहीत. अर्थतज्ज्ञांनी बोट ॲपलकडे दाखवलं. कारखाने उभे राहिले नव्हते, माणसं आली नव्हती. शेवटी त्या देशाला आपल्या अर्थव्यवस्थेसाठी हा फुगवटा वगळून वेगळा निर्देशांक काढावा लागला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी किमान १५ टक्के कराचा करार केला. ७५ कोटी युरोंहून मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना तो लागू; आयर्लंडने २०२४ पासून तो अमलातही आणला. हिशेबाची मानकं करणाऱ्यांनी मात्र या करापुढे हात टेकले. त्याचा डेफर्ड टॅक्स मोजायचा तर प्रत्येक देशातला प्रत्येक फरक दर वर्षी नव्याने मोजावा लागेल, म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळाने मे २०२३ मध्ये सांगितलं की तूर्त मोजूच नका. जून २०२५ मध्ये जी-७ देशांनी अमेरिकी मालकीच्या कंपन्यांना या व्यवस्थेतल्या मुख्य तरतुदींतून वगळायचं मान्य केलं. भारताने करारावर सही केली, कायदा अजून केलेला नाही.

या गदारोळात एक बदल कमी गाजावाजाने झाला. अमेरिकेच्या लेखा मानक मंडळाने २०२३ च्या अखेरीस नियम काढला की कंपन्यांनी प्रत्यक्ष भरलेला प्राप्तिकर देशवार दाखवावा. १५ डिसेंबर २०२४ नंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी तो लागू आहे. ॲपलचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं, म्हणजे तिला तो २०२६ च्या अहवालापासून बंधनकारक. एकूण भरलेल्या कराच्या पाच टक्के किंवा जास्त कर ज्या देशात गेला त्याचं नाव आणि रक्कम छापावी लागेल, बाकीचे एकत्र. २०२४ च्या २६.१ अब्जांवरून अंदाज बांधला तर नाव छापून येण्यासाठी एका देशात सुमारे १.३ अब्ज डॉलर, म्हणजे जवळपास ११ हजार कोटी रुपये भरलेले असावे लागतील. भारतात यापेक्षा कमी भरले असतील तर 'इतर देश' या ओळीतून आपला हिस्सा वेगळा काढता येणार नाही.